मोरपंखीवर पाळत

उस्मानाबाद, ४ फेब्रुवारी १९६२
सोलापूरच्या नर्सरीतून मोरपंखी आणली. बाराही महिने हिरवी राहते, असं माळ्यानं शपथेवर सांगितलं. दारासमोर लावली. कचेरीतले सगळे वर्षभर बघत राहतील. शेजारचे भीमाशंकर मास्तर कुंपणावरून "झकास" म्हणाले. दोनदा म्हणाले. दोनदा कशाला?

११ फेब्रुवारी
संकल्प: सकाळ-संध्याकाळ एकेक बादली पाणी, स्वतःच्या हातानं. सौ. वनमाला आणि भांडीवाली सखूबाई, दोघींना बजावलं: झाड सुकलं तर माझ्याशी गाठ आहे.

४ मार्च, दुपारी
शेंडे पिवळे. भर दुपारी मुळाशी ओल! मी तर सकाळी सातलाच पाणी घातलं होतं. कुणीतरी काहीतरी ओततंय. वास घेतला. औषधी वाटला. वनमाला म्हणाली, चिखलाचा आहे. तिला यातलं काय कळतं.

९ मार्च
मास्तर त्यांच्या अंगणात, कुंपणापाशी. हातात तांब्या. मला बघून हसले.

१० मार्च
सरळ विचारलं. जरा मोठ्यानं विचारलं गेलं. गल्ली जमली. मास्तर एवढंच म्हणाले, "मार्तंडराव, मी कशाला तुमच्या झाडाचं वाईट करू?" आणि आत जाऊन दार लावलं. निर्दोष माणूस दार लावत नाही. नऊ वर्षांचा शेजार तुटला. बरं झालं.

१७ मार्च
संध्याकाळी ओट्यावर एकटाच. शांतता उत्तम. साडेसातलाच जेवून घेतलं.

२७ मार्च
अर्धी रजा टाकून खिडकीआड बसलो. एक वाजता सखूबाईनं झाडाला बादली ओतली. विचारलं तर म्हणाली, "लई ऊन हाय मालक. रोजच घालते की." दोन वाजता वनमालानं घागर रिकामी केली. तीही रोजच म्हणे, माझ्या धाकानं. मास्तर फिरकले नाहीत. पाळतीचा सुगावा लागला असणार.

२९ एप्रिल
मोरपंखी गेली. उपटायला हात घातला तर लोण्यातून केस यावा तशी वर आली. मुळं पार कुजलेली. मास्तर न बोलावता खोरं घेऊन आले. दोघांनी मिळून खड्डा बुजवला. ते काहीबाही बोलत होते. मी त्यांना घरात नेऊन चहाही पाजला. माफी मागायची होती, जीभ रेटेना. उद्या सकाळी आठला नक्की.

३० एप्रिल, सकाळी आठ
वाक्य पाठ करून गेलो. दाराला कुलूप. सखूबाई म्हणाली, "मास्तरांची बदली झाली न्हाय का, उदगीरला. पहाटंच्या मोटारीनं गेले समदे."
मला कुणी सांगितलं नाही, असं मी घरी येऊन ओरडलो.
वनमाला म्हणाली, "काल खड्डा बुजवताना ते तेच तर सांगत होते. तुम्ही हं म्हणालात."