बाबांची किल्ली त्यांना परत दे

ताई,

मी दवाखान्यात आईजवळ चाललोय. तू उठेपर्यंत थांबलो नाही, कारण हे तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

त्या रविवारी गाडीचे ब्रेक पॅड मी घरीच बदलले. नवे पॅड बसवले की गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबून घट्ट करावं लागतं, नाहीतर पहिल्यांदा ते थेट खाली जातं. चाकं चढवली, तू जेवायला हाक मारलीस आणि मी तसाच हात धुवायला गेलो. बाबांनी गाडी सावलीत घ्यायला काढली, तेव्हा आई समोर फाटक उघडत होती.

‘वय झालं, पाय चुकला,’ असं तू म्हणालीस आणि मी मुकाट्याने मान हलवली. वर त्यांची किल्लीही मीच काढून घेतली.

ती माझ्या कपाटात मोज्यांखाली आहे. त्यांना दे. आईला मी सांगतो. मला काय शिव्या घालायच्या त्या संध्याकाळी घाल, पण बाबांच्या देखत घाल.

पहिले दोन दिवस ते म्हणत होते, “अरे, मी ब्रेक दाबला होता.” काल मला म्हणाले, “किल्ली घेतलीस ते बरं केलंस.”