रागाच्या सात चिठ्ठ्या

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (भीतीने मनातल्या मनात सकाळपासून आडवाच आहे, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजी ठीक आहेत. तीन टेबलं पलीकडे बसलेत आणि आज सकाळपासून एकदाही ओरडलेले नाहीत. कामं टाकून हे पत्र लिहितोय ते त्यामुळेच.

त्याचं असं झालं. आमच्या शब्दकोशात रागाचे सात शब्द भाऊजींनी, म्हणजे मुख्य संपादकांनी, माझ्या गळ्यात मारले. दर शब्दाची एक चिठ्ठी, वर अर्थ, खाली उदाहरण. उदाहरण मनचं नको, डोळ्यांदेखत घडलेलं हवं, हा नियमही त्यांचाच. आता दिवसाचे आठ तास माझ्या डोळ्यांदेखत कोण असतं, तूच सांग! ‘चीड’खाली मी त्यांची चावलेली पेन्सिल घातली (चावणारा मीच). ‘संताप’ आत धुमसतो, म्हणून तिथे त्यांचे लाल झालेले कान. ‘थयथयाट’ला पाय आपटावे लागतात; त्या दिवशी खालचा शिंपी छत पडतंय का ते बघायला वर आला होता, तेही लिहिलं. ‘त्रागा’ म्हणजे दुसऱ्यावर चिडून स्वतःचे हाल करणं, तिथे त्यांनी डबा न उघडता परत आणला तो दिवस. पक्क्या प्रतीत ‘एक गृहस्थ’ असं केलंही होतं गं. पण काल ते घरी गेल्यावर घाईत पक्क्यांऐवजी कच्चा गठ्ठा त्यांच्या टेबलावरच्या निळ्या पिशवीत ठेवून बसलो. आज संध्याकाळी ती पिशवी घरी नेऊन, चहा पिऊन ते वाचायला घेतील. माझी नोकरी आता कपभर उरली आहे.

इथला कागद संपादकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही, पण हे घरगुती पत्र. शिपायाला तसं बजावलंय.

तुझा,
धाकटा

ता. क. पिशवी दारातच घे आणि गठ्ठा पिठाच्या डब्यात लपव. तुझ्या पाया पडतो.

ता. क. २. ‘रुद्रावतार’ची चिठ्ठी मात्र न वाचता फाड. ते उदाहरण भाऊजींचं नाही. तू नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर भाऊजींचे नि माझे चिखलाचे पाय उमटले आणि आम्ही दोघं तासभर जिन्यात लपून बसलो, त्या दिवसाचं आहे.

(लाल शाईत)
तपासलं. सहा उदाहरणं बरोबर आहेत. सातवी चिठ्ठी मी सकाळीच फाडली; आपल्या दोघांनाही तिच्याच हातचं जेवायचं आहे. पत्र पाठवू नये.