नववा मुद्दा

१४ नोव्हें. ९५, मंगळ.
इंदूताई महापालिकेवर निवडून आल्या. मिरवणूक आमच्या प्रेसवरूनच गेली. दारात गुलाल, छपाईच्या खिळ्यांत गुलाल, आप्पांच्या टकलावर गुलाल. "आपलं पत्रक लकी हाय की!" म्हणून आप्पा खूश. प्रेस त्यांची, अक्षरांचे खिळे जुळवणारी मी. मला वेगळीच काळजी. आता कुणीतरी ते प्रचाराचं पत्रक नीट वाचणार.

इथे तरी खरं लिहिते. ताईंच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, आठ मुद्दे लिहून पाठवले होते. रस्ता, गटार, दिवे, तेच सगळं. जुळवल्यावर खाली एका ओळीची जागा उरली. आप्पा म्हणाले, फूल घाल. वेलबुट्टीचे ठसे सगळे लग्नपत्रिकांत अडकलेले. मी नुकतीच मंडईतून अवघडून परत आलेली, डोकं तापलेलं. जुळवून टाकलं : 'मुद्दा ९. मंडईमागे महिलांसाठी मुतारी, पाण्यासह.' वाटलं, प्रूफ बघताना आप्पा हसतील आणि काढून टाकतील. त्यांचा चष्मा दुरुस्तीला होता. सगळी पत्रकं तशीच गेली.

१९ नोव्हें., रवि.
मंडईत गौराक्काने हाक मारली. नेसरीकडची, मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. पत्रक घडी करून तराजूखाली ठेवलंय. लेकीकडून वाचून घेतलं म्हणे. "ह्या नऊ नंबरावर आमी बायकांनी मतं दिल्यात. उद्या जातोय ताईच्या दारात, कवा करतीस म्हणून इचारायला." पहाटे पाचपासून दुपारपर्यंत बसतात या बायका, तहान लागली तरी पाणी पीत नाहीत. मेथी न घेताच आले.

२० नोव्हें.
गौराक्का सांगून गेली. दारात ताईंचे मालकच आडवे. "असलं आमी कवा लिवलंय?" हिने कागद पुढे धरला. मालकांनी तो उलटसुलट करून बघितला. "इरोधकांनी छापलंय ह्ये." तर ही म्हणते, "खाली आप्पांच्या प्रेसचं नाव हाय की."
झालं. आता इकडे येणार.

२१ नोव्हें.
आले. मालकांना खुर्ची दिली, बसले नाहीत. "मूळ कागद काढा." आप्पांनी तारेत खोवलेला कागद काढून मोठ्याने मोजला. आठ. मग माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत कधी तसं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, मी घातलं. चुकून नाही, मुद्दाम घातलं. (हे दुसरं वाक्य का बोलले देव जाणे.)
मालकांचा हुकूम : उद्या दुरुस्तीचं पत्रक काढा. 'मुद्दा ९ ही छपाईची चूक, रद्द समजावा.' ते गेल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "तूच जुळव. मग तुजं काय करायचं ते बघू." म्हणजे नोकरीचं. जेवण गेलं नाही. सगळीकडे कॉम्प्युटर येतायत, या वयात मला कोण घेणार?

२२ नोव्हें., बुध.
पत्रक अर्धं जुळवलं होतं. दु. बारा-साडेबाराला रिक्षा थांबली. इंदूताई, एकट्याच. पोस्टरवर दिसतात त्यापेक्षा बारीक आहेत.
"सुमनबाई कोण?"
उठून उभी राहिले. माफ करा म्हणाले.
"हळदीकुंकवाच्या सभेत ह्ये पत्रक मी वाचून दावलं. आठ मुद्द्यांस्नी कोण हूं का चूं न्हाय. नववा वाचला, तर बायका उठून टाळ्या वाजवाय लागल्या. मला वाटलं, मालकांनी पहिल्यांदाच कायतरी शाण्यागत लिवलंय." हसल्या. "लग्नाआदी मीबी बाजारात बसलोय, चंदगडला. मला ठावं हाय. ते रद्दबिद्द काय छापू नगासा."
आप्पा चाचरले, "पण मालक..."
"निवडून कोण आलंय, आप्पा?"
आप्पांनी माझ्यासमोरचं पत्रक उचललं आणि खिळे स्वतःच्या हाताने परत खणांत टाकले. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी मागे जाऊन मनसोक्त रडले. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. संध्या. भाकरी एक जास्तच खाल्ली.

१७ जाने. ९६
गौराक्का दर सोमवारी ताईंच्या दारात. ताई एकदा चिडल्याच, "आक्का, मी काय पळून चाललोय व्हय?" ही म्हणे, "न्हाय, पर खुर्चीत बसलं की माणूस इसरतंय." मालक आता हिला बघितलं की मागच्या दाराने जातात! आज महापालिकेचे लोक जागेची मापं घेऊन गेले. खरंच होणार वाटतं.

२८ एप्रि., रवि.
मुतारी उघडली! नारळ ताईंनीच फोडला. तीन खोल्या, दारांना आतून कड्या. रांगेत मी चौथी. बाहेर आले तर गौराक्का तांब्याभर पाणी पीत होती, भर बाजारात, सकाळी दहाला.
पण नळ कोरडा. पिंप भरून ठेवलंय. गौराक्का तोंड पुसत म्हणाली, "ताई, 'पाण्यासह' लिवलंय." ताईंचा चेहरा पडला. "पाणीखात्याचा साहेब नळाच्या कागदावर सहीच करंना. मालक म्हणत्यात दमानं घ्या." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "सुमनबाई, लिवलं तुमी. आता साहेबाफुडं माज्यासंगं बसा. उद्या अकराला." सगळ्यांदेखत. बरं म्हणाले.
आप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा न मागता दिली.
मुतारी झाली, नोकरी टिकली, हे काय थोडं आहे? तरी धाकधूक आहेच. महापालिकेचा जिना मी आजवर चढलेली नाही. साहेबाने विचारलं, "बाई, यात तुमचा काय संबंध?" तर काय सांगायचं, अजून सुचलेलं नाही.