सोळावी ओळ

४ तारीख, सोमवार
आले एकदाची. दीर स्टँडवर न्यायला आला होता. म्हणाला, वहिनी, सामान एवढंच? म्हटलं, मी आहे की, माझंच वजन पुरे. खो खो हसला. खाणीवर डंपर चालवतो. दोन खोल्या, वर पत्रा, नळाला दोनदा पाणी. मागची खोली मला दिलीय. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच स्वतःची खिडकी मिळाली. धूळ येते, येऊ दे.
उद्यापासून कामावर. एका भागातलं खनिज काढून संपलं की तो खड्डा दगडमातीने भरतात आणि वर झाडं लावतात, म्हणजे पूर्वीचं रान परत यावं. त्या कामाच्या एक मॅडम आहेत. त्यांनी ही वही दिली. आपल्या रोपांच्या ओळीत रोज काय दिसलं ते लिहायचं, किडामुंगीसुद्धा. म्हटलं, मी चौथी शिकलेली. म्हणाल्या, किड्याचं शिक्षण कुठे जास्त झालंय? बाई बऱ्या आहेत.

५ तारीख, मंगळवार
भरलेला खड्डा म्हणजे राखाडी माळ, नुसता खडा. एकेका बाईला एक ओळ, चाळीस रोपं, टोकाला नंबराची पाटी. मला सतरावी. शेजारची सोळावी धाकट्या जावेची.
अख्ख्या माळावर तेवढीच ओळ हिरवी. तीन वर्षांत एक रोप मेलं नाही. फुलपाखरं तिथेच, बेडूक तिथेच, पाखरांनी घरटी केली तीही तिथेच. धाकटीला सगळे हिरवी बाई म्हणतात. लग्नात गुटगुटीत होती, आता पार काडी झालीय. पस्तिशी नाही उलटली आणि डोकं पांढरं. दीर म्हणतो, झाडांना भरवते आणि स्वतः जेवायची विसरते.

७ तारीख, गुरुवार
माझी नऊ रोपं गेली. तेच पाणी, तेच खत, खड्डे मी तिच्यापेक्षा खोल खणले. वरच्या ऑफिसातून पाहुणे आले तर मला सांगतात, बाई, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय. वीस वर्षं शेतात घातली मी. हिच्या कुंडीत कोथिंबीरसुद्धा उगवत नव्हती.

११ तारीख, सोमवार
पाळत ठेवली. दुपारचा भोंगा झाला की सगळ्या शेडमध्ये जेवायला जातात, ही मागे राहते. चपला काढते. रोपाजवळ बसून मनगटापर्यंत हात मातीत घालते, डोळे मिटते. मग पुढचं रोप. चाळीसच्या चाळीस. परत आली तेव्हा लटलट कापत होती.
विचारलं, कसली पावडर घालतेस? म्हणाली, काही नाही ताई, ही माती उपाशी आहे. डोंगराचं पोट काढून नेलं, भूक तेवढी इथेच राहिली. वर म्हणते, तुमची ओळ मरतेय ना, मरू द्या, बरंच आहे. ऐकलंत? माझी मेली तर बरं!

१२ तारीख, मंगळवार
सरळ मॅडमकडे गेले. खोदायच्या आधी वरची चांगली माती खरवडून वेगळी ठेवतात, ती हिच्या ओळीत पडली आणि आमच्या वाट्याला खडी, असं तोंडावर सांगितलं. म्हणाल्या, असेलही, महिनाभर ओळी बदलून बघू.
घरी धाकटीने पाय धरले. म्हणे, दागिने घ्या, पुढची खोली घ्या, ती ओळ नका घेऊ. फोटोंचा केवढा तो सोस! रात्री छान झोप लागली.

१५ तारीख, शुक्रवार
सोळावी माझी झाली. मॅडमनी सांगितलं म्हणून धाकटीने माझा हात धरून दिली म्हटलं. सकाळी रोपं धाकटीच्या बाजूला कलली होती, दुपारपर्यंत माझ्याकडे वळली. वारा म्हणावा तर पानही हलत नव्हतं.
तिच्यासारखाच हात घातला. माती कोमट. आत कशानेतरी बोटं धरली, तान्हं मूल धरतं तशी. भीती नाही वाटली. बरं वाटलं. मला कोण धरतंय हल्ली?

१८ तारीख, सोमवार
तीन दिवसांत रोपं वीतभर वाढली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. आता हिरवी बाई मी.
सतरावी पूर्ण वाळली. धाकटीला काही नाही त्याचं. दोनदा वाढून घेतलं, गाणं म्हणत भांडी घासली. गालावर रंग आलाय. मुद्दाम करते.
मला थोडी कणकण आहे.

१९ तारीख, मंगळवार
हातातली बांगडी आपोआप गळून पडली. फणीत केसांचा पुंजका, पांढरा. माझे केस काळे होते.

२२ तारीख, शुक्रवार
हात बाहेर येईना. ओढला. बोटांची कातडी आतच राहिली — रक्त नाही. थेंबसुद्धा नाही.

२३ तारीख, शनिवार
घरी पडून आहे. तरी ओढ लागते — छातीतून, चाळीस ठिकाणी.
धाकटी उशाशी बसून रडली. म्हणाली, ताई, मला परत द्या. माझा हात धरून एकदा दिली म्हणा, बस. मला थोडं थोडं द्यायची सवय झालीय, तुम्ही सगळंच देऊन बसाल. मनापासून बोलत होती. कळतं मला.
पण सोमवारी मोठे पाहुणे आहेत. ते होऊ देत. मग बघू.

२५ तारीख, सोमवार
उभं राहवेना, खुर्चीत बसवून नेलं. पाहुणे म्हणाले, कुठल्याच खाणीवर असं रान पाहिलं नाही. टाळ्या. माझ्यासाठी.
मग एकाने धाकटीकडे बघून विचारलं, या कोण? किती छान दिसतात.
माझं मांस आहे ते. तिच्या गालावर.
देणार होते आज. आता नाही.

२६ तारीख, मंगळवार
भोंगा झाला. शेडमध्ये सगळे. मी ओळीत, खुर्चीतून उतरून जमिनीवर. वही मांडीवर —
पाय आत गेलेत. घोट्यापर्यंत. दुखत नाही —

गुडघे.

धाकटी येतेय. धावत. धावता येतं हिला आता — हात पुढे — ओरडतेय, दिली म्हणा ताई, एकदाच म्हणा, पाया पडते —
म्हटलं की सुटेन. माहीत आहे. आणि उद्या परत हिचंच — हिरवी बाई, हिरवी बाई — मी बाजूला —

हात धरला तिने. गरम आहे. ओढतेय.
तोंड उघडलं तर —
नाही म्हणणार. माझी आहे. सोळावी माझी, मा