आधीच पाहिलेला भाग

६ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जादूगाराच्या कादंबरीचा पाचवा खंड पोचला. चौथ्यात मेलेली राणी पाचव्यात उठून बसते, हे मला मुळीच पटलेलं नाही. इतकी आवडत होती तर लेखकाने मारलीच कशाला? मी तिच्यासाठी खरोखर रडले होते. ते रडणं आता कोण परत देणार? तू ग्रंथालयात बसून असली पुस्तकं लोकांच्या गळ्यात मारतोस आणि वर पगार घेतोस.

आता खरं कारण. मालिका, सिनेमे, पुस्तकं यांवर फोनवर बोलायचं नाही, पत्रातच भांडायचं, हा आपला नियम आहे. म्हणून हेही पत्रातच लिहिते, कारण हेही मालिकेबद्दलच आहे.

दीपगृहाची मालिका मी आणि आमचे हे, तुझे मेस्त्री, दर शुक्रवारी संध्याकाळी एकत्र बघतो. एकट्याने पुढचा भाग बघायचा नाही, असं ठरलेलं आहे. गेल्या शुक्रवारी दीपगृहाचा म्हातारा रखवालदार जिना चढत होता आणि मेस्त्री हसले. विनोद त्यानंतर झाला. पुढे खिडकीत एकदम चेहरा येतो, मी केवढ्याने दचकले! मेस्त्रींनी मात्र मांडीवरचा कप त्याआधीच उचलून खाली ठेवला होता. भाग आधी पाहिलाय का, विचारलं. छे, म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

आमच्या पडद्यांच्या दुकानातली शिलाईवाली म्हणते, एकच भाग दोनदा बघणारा माणूस दोन सोफ्यांवर बसत असतो. मी हसले, पण दिवसभर शिवण वाकडी जात होती. कुठेतरी पाणी मुरतंय. तुला काय वाटतं?

माया आहेच. ती वाढवायची की नाही, ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी,
मुंगी

१४ जून

चि. मुंगीस,
अ. आ.

राणीच्या बाबतीत तुझं चुकतंय. ती उठून बसली म्हणून तर पाचवा खंड आहे, नाहीतर जादूगार चारशे पानं नुसता दाढी कुरवाळत बसला असता. वाचकाचं रडणं परत मिळत नसतं, तसा नियम ग्रंथालयातही नाही.

दीपगृहाची मालिका मीही बघतो. खलनायकाचे बूट मला फार आवडले. इतके स्वच्छ बूट घालणारा माणूस चिखलातून आला असं म्हणतो, तिथेच मी त्याला ओळखला. शीर्षकगीत मात्र फसलंय. त्यातलं व्हायोलिन पाहुण्यासारखं येतं आणि चहा न घेताच निघून जातं. गायिका बरी आहे, पण तिला घाई कसली आहे ते कळत नाही.

मेस्त्रींचं म्हणशील तर माणूस सरळ आहे. उगाच खोदत बसू नकोस. आणि मालिका बघताना खाली अक्षरं येतात ती लावत जा की, संवाद नीट कळतात.

तब्येत जप. रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझा,
दादा

२३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खलनायकाच्या बुटांवर आणि गाण्यावर पाच ओळी, आणि बहिणीच्या नवऱ्यावर दोन. तू असा नव्हतास. माझ्या लग्नाआधी याच मेस्त्रींची गॅरेजात जाऊन चौकशी करून आलेला माणूस तू. आता म्हणतोस, खोदू नकोस. अक्षरं लावायचं तर मला कधीच आवडत नाही. वाचायचंच असेल तर मी पुस्तक उघडीन, हे तुला ठाऊक आहे. मग ते मध्येच कुठून आलं?

परवा मी मेस्त्रींना सहज विचारलं, शीर्षकगीत कसं वाटतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, त्यातलं व्हायोलिन पाहुण्यासारखं येतं आणि चहा न घेताच निघून जातं. दादा, तुझं पत्र माझ्या दुकानातल्या खणात होतं. त्यांनी ते पाहिलेलंसुद्धा नाही. म्हणजे तुम्ही दोघं मिळून काहीतरी शिजवताय.

मग मी नीट लक्ष ठेवलं. पूर्वी एखादा सिनेमा पाहून आलो की हे वाटेत सगळं पार्श्वसंगीत तोंडाने वाजवून दाखवायचे. हल्ली कपड्यांबद्दल बोलतात, चेहऱ्यांबद्दल बोलतात. गुणगुणणं बंद. शुक्रवारी दुपारी गॅरेजात फोन केला तर उचलत नाहीत.

काल मला राहवलं नाही. भाग चालू असताना मी रिमोटवरून आवाज पूर्ण बंद केला. शांततेत एकदाच विचारायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरवलं होतं. त्यांच्याकडे बघून चांगलं मोठ्याने विचारलं, "कोण आहे ती?"

ते पडद्याकडेच बघत होते. पडद्यावर होडी बुडत होती, घरात कसलाच आवाज नव्हता. आणि मेस्त्री मान डोलवत म्हणाले, "काय संगीत दिलंय इथे!"

मी आवाज परत लावला. तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आता तू खरं लिही. तोवर माझा नमस्कार अर्धाच समज.

तुझी,
मुंगी

२९ जून

चि. मुंगीस,
अ. आ.

तुला कळलंच आहे. मेस्त्रींचे दोन्ही कान पार गेलेत असं नाही, पण ऐकणं पुष्कळ गेलंय. गॅरेजातली इतक्या वर्षांची ठोकाठोकी त्यांना भोवली. हिवाळ्यात ते माझ्याकडे आले होते, ते गाडीच्या सुट्या भागांसाठी नव्हे. मीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्र मिळालंय, ते त्यांच्या हत्यारांच्या पेटीत पडून आहे. शुक्रवारी दुपारी ते गॅरेजात बसून, अक्षरं लावून भाग बघतात, म्हणजे संध्याकाळी कुठे हसायचं ते कळतं. गाण्यांबद्दल मला फोनवर लिहून विचारतात. व्हायोलिनचं वाक्य माझंच.

मालकाला कळलं तर काय, ही धास्ती आहेच. इंजिन ऐकून दुखणं सांगणारा मेस्त्री म्हणून त्यांना गिऱ्हाईक येतं. पण तेवढ्यासाठी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली नसती. म्हणाले, "ती दिवसभर पडदे शिवते आणि संध्याकाळी माझ्याशी मालिकेवरून भांडते. तेवढंच आमचं दोघांचं आहे, दादा."

शपथ मोडल्याचं त्यांना मीच कळवतो. तू त्यांच्यावर ओरडू नकोस. म्हणजे, ओरड, पण समोर बसून.

दोघांवरही जीव आहे, हे लक्षात असू दे.

तुझा,
दादा

१२ जुलै

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. शपथ मोडलीत त्याचा राग आला होता, आता नाही.

हिने काही भांडण काढलं नाही. शुक्रवारी स्वतःच अक्षरं लावली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी पेटीतून यंत्र काढलं. मालकांनाही मीच सांगितलं. ते म्हणाले, बघू. सध्या अवघड गाड्या दुसऱ्या मेस्त्रीकडे जातात. ते मला लागतं, पण काम आहे.

एक गोष्ट हिला अजून सांगितलेली नाही, तुम्हाला सांगतो. संशय तिला एकटीलाच नव्हता. गेलं वर्षभर मला वाटत होतं, हीच माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. घरात आलो की स्वयंपाकघरात ही पाठमोरी, आणि सगळं गप्प. हिचं मन दुसरीकडे कुठे लागलंय का, असंही मनात आलं. हिच्या दुकानासमोरून मी उगाचच चकरा मारल्या आहेत, आत कोण बसलंय ते बघायला.

यंत्र लावून पहिल्यांदा घरात शिरलो, तेव्हा ही माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होती, आणि बोलत होती. दुकानातल्या कुणा बाईने निळे पडदे परत आणले त्याबद्दल, शिलाईवालीच्या सर्दीबद्दल, जिन्यातल्या दिव्याबद्दल. मध्येच थांबून "हो ना?" म्हणायची, जरा वाट बघायची, आणि पुढे बोलायला लागायची. तिला उत्तराची सवयच राहिली नव्हती. वर्षभर ही रोज अशी माझ्याशी बोलत होती, दादा.

पुढच्या "हो ना?"ला मी हो म्हणालो.

तिने नळ बंद केला.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
मेस्त्री