मांडणीवरची थाळी

गुरुजी, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी तुमच्यासमोर बोलायचं म्हटलं की जीभ अडखळते. म्हणून लिहून राह्यलो.

टेंभुर्णीच्या शाळेतली ती सकाळ. पहाटे जमीन हलल्ती. तुम्ही हजेरी बाजूला ठेवता अन् विचारता, "ऐकलेलं नको. तुझ्या घरात काय हललं, तेवढंच सांग." पोरं म्हणतात, कुत्री भुंकली, आजी ओरडली. मी उठून सांगतो, मांडणीवरची थाळी खिडकीकडं सरकली, पण पडली न्हाई. तुम्ही चष्मा काढून बघता. "हा बघणारा पोरगा आहे." सुट्टीत तुम्ही मला पितळी ओळंबा दिला, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला सोडतात तो. "टांगून ठेव. माणसाच्या आधी याला कळतं."

त्या थाळीवरच मी पुढं गेलो. जालन्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होतो, तेव्हा भूकंपाच्या संशोधनाला कॉलेजची पोरं घेऊन राह्यले होते; उन्हाळ्याचे दोन महिने, मानधन देऊन. अर्जात मी थाळीची गोष्ट लिहिली अन् नाव लागलं. जोडीला वर्गातली ती होती, जिच्या वेणीकडं मी दोन वर्षं शेवटच्या बाकावरून बघत आल्तो. काम साधं होतं. घरोघर जायचं, धक्क्यात काय हललं ते विचारायचं, फॉर्म भरायचा. हसनाबाद तिच्याकडं, शेजारचं गाव माझ्याकडं. मी माझ्या वाट्याच्या गावाला गेलोच न्हाई. तिची पिशवी धरून तिच्या मागं फिरलो. ती विचारायची, "तुझे फॉर्म?" मी म्हणायचो, "झाले." मतदार यादीतून नावं उतरवून, चहाच्या हाटेलात बसून सगळे मनानं भरले.

एक दिवस आमचे गाइड जीप घेऊन तपासायला गेले. ज्या घरात मी फॉर्मवर हंडे पाडल्ते, त्या घराला वर्षभर कुलूप होतं. जोडीचं सगळं काम रद्द झालं, तिचं पण. मी ओळखपत्र टेबलावर फेकलं, तोंडाला येईल ते बोललो, कॉलेज सोडलं. एवढं बोललो, पण तिचे फॉर्म खरे आहेत हे एक वाक्य बोलायचं राहून गेलं.

ती जिन्यात भेटली. "म्हाताऱ्या बायांनी भांडी काढून दाखवली होती रे मला," म्हणाली. "माझ्यामागं फिरायचं होतं तर सांगायचं. मी न्हाई म्हटलं असतं, तेवढंच."

आता मंठ्याला सळईच्या दुकानावर आहे. गाडी खाली केली की जमीन हादरते. दारात टांगलेला तुमचा ओळंबा दिवसभर डुलत राहतो, त्यातून काहीच कळत न्हाई. पुढच्या उन्हाळ्यात तिनं परत अर्ज केल्ता. जुन्या शेऱ्यामुळं घेतलं न्हाई म्हणे. आता मी जाऊन खरं सांगितलं तरी कोण मानणार?

हे कागद पाठवू तरी कुठं. घडी करून दुकानाच्या फळीवर ठेवून देतो. एवढंच सांगायचं होतं, गुरुजी. त्या पहाटे मी झोपलो होतो. मला काहीच कळलं नव्हतं. आमच्या घरात मांडणीच नव्हती.