तीस तारखेपर्यंतचं इंजिन

२ नोव्हेंबर, रविवार

मोठं काम हाती घेतलं की नोंदी ठेवाव्यात. ही वही फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतोय.

गाडीचं इंजिन गेल्या महिन्यात बसलं. तापमानाचा काटा लाल रेषेवर टेकलेला मला दिसत होता, पण काटाच बिघडला असावा असं वाटलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि मान हलवली. म्हणाला, दुसरं इंजिन आणा, बसवून देतो. मी म्हटलं, आणतो, पण घरी बसवणार आणि स्वतः बसवणार. तो म्हणाला, बरं. त्या 'बरं'मध्ये थोडा मत्सर होता.

मुलीला परगावी नोकरी लागलीय. पहिलीच. एक तारखेला हजर व्हायचंय. तीसला तिला सामानासकट आपल्या गाडीतून मीच सोडणार, असं जेवताना जाहीर केलं. व्हिडिओतला माणूस इंजिन दोन दिवसांत बदलतो. आपल्याकडे अठ्ठावीस आहेत. सव्वीस दिवस काय करायचं हाच प्रश्न.

मेहुण्याचा फोन आला, भावोजी, माझी व्हॅन उभीच असते, घेऊन येतो. नम्रपणे नकार दिला. बायकोच्या मते नम्रपणे नव्हता.

५ नोव्हेंबर, बुधवार

हाफ डे टाकून भंगारात गेलो. एकावर एक तीन-तीन गाड्या रचलेल्या, मधल्या वाटेत तेलाचा चिखल. भंगारवाल्याने पत्र्याखालचं एक इंजिन दाखवलं. म्हणाला, तुमच्याच गाडीचं, चालू गाडीतून काढलंय, बिचारीला मागून ठोकली होती. मी बोटाने टकटक करून पाहिलं. आवाज भरीव होता. तो माझ्याकडे बघतच राहिला. जाणकार गिऱ्हाईक त्यालाही रोज कुठे मिळतं.

एका भोकातून कोळी बाहेर आला. म्हणजे आत ओल नाही.

टेम्पोतून इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उतरवताना मुलीने विचारलं, बाबा, तिथे ते हाताने फिरवून बघितलं ना. म्हटलं, आता उतरवलंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ८ ते दुपारी ३. रॉकेल, ब्रश, खरवडायला जुनी सुरी. गंज, काळी राप, कुठे कुठे उंदराने आणलेला कापूस. वरचं झाकण काढून स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतलं. बायको काही बोलली नाही. तिचं सगळ्यात मोठं पातेलंही बोल्ट भिजवायला घेतलं, तेव्हा मात्र बोलली.

इंजिन स्वच्छ झाल्यावर रंग द्यावा असं सुचलं. झाकणाला लाल, बाकी अंगाला चंदेरी. पाट्या, आकडे, खाचा, सगळीकडे नीट दोन हात दिले. मुलगी म्हणाली, आधी चालतंय का बघायला हवं होतं. तरुण पिढीला घाई फार.

९ नोव्हेंबर, रविवार

रंग वाळतोय. विश्रांती.

१० नोव्हेंबर, सोमवार

अजून चिकटतोय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचा प्रयत्न केला. फिरलं नाही. पान्याला लोखंडी पाइप जोडला. पाइप वाकला. नंतर माझी कंबर वाकली. इंजिन आहे तसं.

मुलीचं म्हणणं पडलं, प्लग काढून चारही भोकांत तेल सोडावं आणि काही दिवस मुरू द्यावं, पिस्टन सुटतात. मी तेच सांगणार होतो. तिने प्लग काढले. तीन निघाले, चौथ्याला तिने अर्धा तास दिला, मग तोही निघाला. मी टॉर्च धरला. टॉर्च योग्य कोनात धरणं हे सोपं काम नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

माझी पद्धत अशी: काढलेला प्रत्येक बोल्ट आपापल्या चिठ्ठीवर, चिठ्ठीवर त्याची जागा. सदतीस चिठ्ठ्या. आज पार्किंग झाडणाऱ्या बाईंनी सगळे बोल्ट एका डब्यात भरले आणि चिठ्ठ्या जाळल्या. म्हणाल्या, कागद फार झाले होते साहेब. कंबर दुखत असल्याने मान वर करून बोलता येत नव्हतं.

मुलगी डब्यातले बोल्ट लांबीप्रमाणे लावत बसली. तिचे कपडे अजून भरायचेत, असं बायको दोनदा खाली येऊन सांगून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा पायरीवर बसली आणि तीही लावायला लागली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.३०

फिरलं.

मी चहा आणायला वर गेलो होतो. तेवढ्यात मुलीने पाना लावला, थोडं पुढे, थोडं मागे असं करत राहिली आणि ते सुटलं. माझ्या आधीच्या जोरामुळेच सैल झालं असणार. तीही म्हणाली, हो बाबा, तसंच असेल.

तिच्या हातांना कोपरापर्यंत तेल होतं आणि कपाळावर काळा पट्टा. तिने पाना माझ्या हातात दिला, म्हणाली, आता तुम्ही फिरवा. मी फिरवलं. आतून खळखळ असा तेलाचा आवाज आला. चहा दोघांचाही गार झाला. ती जाणार आहे हे तेवढा वेळ लक्षातच आलं नाही.

बारा दिवस आहेत. भरपूर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मेकॅनिकला बोलावलं. मदतीला नव्हे, त्याची साखळी आणि कप्पी हवी होती. त्याशिवाय त्यालाही शिकायला मिळेल. जुनं इंजिन त्याने तासाभरात बाहेर काढलं. घाई करतो.

माझं लाल-चंदेरी इंजिन साखळीवरून खाली आलं तेव्हा वरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. गिअरबॉक्सला भिडवलं. चार बोल्टांपैकी दोन बसले, दोन भोकं बोटभर बाजूला. मेकॅनिकने विचारलं, नंबर बघून घेतलं होतं ना, याच नावाचं आधी एक जुनं मॉडेल होतं, हे त्याचं वाटतंय. नंबर कुठे असतो, मी विचारलं. त्याने नखाने चंदेरी रंग खरवडला. आकडे निघाले. मुलीने फोनमध्ये शोधले. जुन्या मॉडेलचंच होतं.

तरी पन्नास टक्के जुळलंय.

मुलगी कधीची माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

भंगारवाल्याला ऑफिसातून फोन. म्हणाला, बदलून देतो, फक्त उघडलेलं नको आणि रंगवलेलं नको. त्याला म्हटलं, मग विचार करतो. तो म्हणाला, करा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गाडी एका कोपऱ्यात, एक इंजिन दुसऱ्या, दुसरं तिसऱ्या. मेहुण्याला फोन करून व्हॅन आणण्याची परवानगी दिली. तो म्हणाला, ताईने दोन तारखेलाच सांगून ठेवलंय.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५.२०, रस्त्याच्या कडेला

सकाळी निघालो. सामानामुळे मला मागे दोन खोक्यांच्या मध्ये बसावं लागलं. तिथून रस्ता दिसत नाही, फक्त मुलीची वेणी दिसते.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर. एक खिडकी, एक पलंग, नळाला पाणी बरं. घरमालकीणबाईंना तिने सांगितलं, बाबांनी आणि मी मिळून एक जाम झालेलं इंजिन सोडवलं. बाईंनी विचारलं, मग गाडी चालते का. ती म्हणाली, इंजिन सुटलं ना. तिच्या कपड्यांत माझा बारा नंबरचा पाना दिसला. मी दोन दिवस शोधत होतो. म्हणाली, राहू दे माझ्याकडे. राहू दिला.

निघताना खिडकीची कडी तपासली, दोनदा.

परतीच्या वाटेवर चढावर व्हॅन दोन आचके देऊन थांबली. मेहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, भावोजी, आता तुम्हीच बघा. गेल्या महिनाभरात एवढ्या आपुलकीने कोणी काही म्हटलं नव्हतं. बॉनेट उघडलं. चाळीस मिनिटांत दोन पाइप, एक फिल्टर आणि तीन क्लिपा काढल्या. एक क्लिप आत कुठेतरी पडली. मग बायकोने खिडकीतून विचारलं, डिझेलचा काटा एवढा खाली नेहमीच असतो का.

मेहुणा कोणाच्या तरी स्कूटरवरून कॅन घेऊन गेला, आला, ओतलं. व्हॅन सुरू झाली नाही. मी सगळं परत लावलंय, क्लिप सोडून. आता तो मेकॅनिक शोधायला गेलाय. बायको दगडावर बसून सफरचंद चिरतेय, माझ्याकडे न बघता.

आत्ताच मुलीचा फोन येऊन गेला. पोचलात का, विचारलं. म्हटलं, केव्हाच, चहा घेतोय. तेवढ्यात शेजारून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, चांगला लांबलचक.

हॉर्न थांबल्यावर तिने विचारलं, कुठल्या वळणावर आहात, आणि बॉनेट कोणी उघडलं.